दिल्लीमार्गे की दोहामार्गे: विलीन झालेल्या एअर इंडियाची नागपुरी परीक्षा

नागपूरहून लंडन, फ्रँकफर्ट किंवा शिकागोचं तिकीट शोधायला बसलं की पडद्यावर मुख्यतः दोन रस्ते दिसतात. एक कतार एअरवेजचा: सोनेगावच्या विमानतळावरून थेट दोहा आणि तिथून पुढे. दुसरा एअर इंडियाचा: आधी दिल्ली किंवा मुंबई, मग पुढे. पहिली कंपनी शंभर टक्के कतार सरकारची. दुसरी जानेवारी २०२२मध्ये आपल्या सरकारकडून टाटांकडे गेली आणि १२ नोव्हेंबर २०२४ला तिच्यात विस्तारा विलीन झाली. त्याआधी महिना-दीड महिना, १ ऑक्टोबरला, पूर्वीची एअरएशिया इंडिया ही एअर इंडियाच्याच स्वस्त भाड्याच्या 'एअर इंडिया एक्स्प्रेस'मध्ये गेली होती. चार कंपन्यांच्या दोन झाल्या. आता आखाती सरकारी कंपन्यांशी बरोबरीने लढता येईल, असा तेव्हाचा सूर होता. ते कितपत झालं, हे नागपूरच्या प्रवाशाच्या बाजूने पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. विलीनीकरणाने एअर इंडियाचं तिकीट सुधारलं. काही विमानांत केबिनही सुधारली. पण नागपूरकराचा प्रवास फारसा सुधारला नाही, कारण दोहाच्या रस्त्याची ताकद कंपनीच्या आकारात कधी नव्हतीच.

आधी जाताना काय होतं ते बघू. दोह्याचं विमान पहाटे निघतं. म्हणजे विमानतळावर मध्यरात्रीनंतर पोहोचायचं. मेट्रो तेव्हा बंद, त्यामुळे वर्धा रोडने गाडीनेच. वर्धा, अमरावती, यवतमाळहून येणाऱ्यांना रात्रीचा प्रवास धरावा लागतो. मात्र इमिग्रेशन नागपुरातच उरकतं, रांग एकाच विमानाची असते, आणि बॅगेवर लंडनचा टॅग लागला की ती थेट लंडनलाच दिसते. विमान लहान, ए३२०. चारेक तास त्यात बसायचं, सकाळी दोह्याला उतरायचं, तपासणीतून जाऊन त्याच इमारतीत दुसरं गेट गाठायचं. विमानांच्या लाटा तिथे अशा बसवल्या आहेत की भारतातून पहाटे निघालेली विमानं पोहोचतात आणि थोड्याच वेळात युरोप-अमेरिकेची सुटू लागतात. अडचण एवढीच की हे विमान रोज असेलच असं गृहीत धरू नये. वेळापत्रक मोसमागणिक बदलतं, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी वार बघावा. ज्या दिवशी थेट विमान नसतं त्या दिवशी संकेतस्थळ इंडिगोच्या जोडविमानाने दिल्ली किंवा मुंबईमार्गे दोहा दाखवतं. तो तीन विमानांचा प्रवास झाला. त्यापेक्षा एअर इंडिया केव्हाही बरी.

एअर इंडियाने गेलात तर नागपूर-दिल्ली साधारण पावणेदोन तास. एकाच तिकिटावर बुकिंग असेल तर दोन्ही बोर्डिंग पास नागपुरातच मिळतात, बॅगही पुढच्या मुक्कामापर्यंत टॅग होते. काउंटरवरून हलण्याआधी टॅगवर मुक्कामाचा शेवटचा कोड वाचा. तो दिल्लीचा, म्हणजे डीईएल, असेल तर तिथेच बदलून घ्या. दिल्लीत इमिग्रेशन आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा तपासणी नव्याने होते. नागपूरच्या देशांतर्गत तपासणीत पाण्याची बाटली चालून जाते. दिल्लीत मात्र हातातल्या सामानातलं १०० मिलीवरचं प्रत्येक द्रव बाहेर निघतं, आणि लोणच्याची बरणी, ठेचा, तूप हे सगळं त्यांच्या लेखी द्रवच. मोठ्या बॅगेत टाकायचं ते नागपुरातच टाका. दिल्लीत ती बॅग हातात येणार नाही.

टर्मिनलची भानगड आहे ती वेगळीच. एअर इंडियाची आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल ३ वरून सुटतात. देशांतर्गत उड्डाणांतली काही ऑक्टोबर २०२५मध्ये नूतनीकरण झालेल्या टर्मिनल २ वर हलवली गेली. टर्मिनल २ आणि ३ शेजारी-शेजारी आहेत, चालत जाता येतं. टर्मिनल १ मात्र लांब, मधे बस किंवा टॅक्सी. एअर इंडिया एक्स्प्रेसची देशांतर्गत उड्डाणं तिथली. समूह एकच म्हणून 'एक्स्प्रेस'चं स्वस्त तिकीट काढून पुढे एअर इंडिया पकडायचा बेत असेल तर ही बस आणि टर्मिनल ३ वरची पूर्ण रांग हिशेबात धरा. दिल्लीत तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान टाळावं, कारण धुक्यात पहिला फटका सकाळच्या देशांतर्गत विमानांना बसतो. त्या दोन महिन्यांत मुंबईमार्गे तिकीट मिळत असेल तर तेच घ्यावं.

पैसे वाचवायला काही जण नागपूर-दिल्ली इंडिगोचं वेगळं तिकीट काढतात आणि पुढचं वेगळं. यात दोन खड्डे आहेत. एक, सामान. एकाच तिकिटावर आंतरराष्ट्रीय मर्यादा नागपूरपासूनच लागू होते. वेगळ्या तिकिटावर देशांतर्गत स्वस्त भाड्यात १५ किलो. अमेरिकेला २३ किलोच्या दोन बॅगा नेणाऱ्याचे ३१ किलो जास्त भरतात आणि त्याचे पैसे किलोवर मोजले जातात, वाचवलेलं भाडं तिथेच जिरतं. दुसरा खड्डा मोठा: पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. तिच्या लेखी तुम्ही न आलेले प्रवासी.

विलीनीकरणाचा प्रवाशाला झालेला खरा फायदा इथे दिसतो. विस्तारा असताना तिची लंडन, पॅरिस, फ्रँकफर्टची विमानं चांगली होती, पण विस्तारा विमान कंपन्यांच्या कुठल्याही आंतरराष्ट्रीय आघाडीत नव्हती. एअर इंडिया जुलै २०१४पासून स्टार अलायन्स या आघाडीत आहे. आता तीच पूर्वीची विस्ताराची विमानं त्या जाळ्यात आली. फ्रँकफर्टहून लुफ्तान्झाने पुढे जायचं तर एकच तिकीट, एकच टॅग. 'क्लब विस्तारा' या प्रवासी योजनेत साठलेले गुणही एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले.

केबिनचं मात्र नशिबावर. एअर इंडियाच्या नावाखाली आज तीन-चार वेगवेगळ्या कंपन्या उडतात असं म्हटलं तरी चालेल. बुकिंग करताना वेळेखाली विमानाचा प्रकार लहान अक्षरांत लिहिलेला असतो, तो वाचायला शिका. ए३५०-९०० असेल तर डोळे मिटून तिकीट घ्या. ही विमानं मुळात रशियाच्या एअरोफ्लोटसाठी बांधली होती, निर्बंधांमुळे इकडे वळली आणि जानेवारी २०२४पासून सेवेत आहेत. ७८७-९ असेल तर ते बहुधा विस्ताराचं, तेही चांगलं. ७८७-८ म्हणजे जुनी २६ विमानं. त्यांचं अंतरंग बदलायचं काम सुरू आहे आणि पहिलं विमान त्यासाठी जुलै २०२५मध्ये कॅलिफोर्नियाला गेलं. नूतनीकरण झालेलं मिळेल की जुनं, हे तिकिटावर कळत नाही. ४० कोटी डॉलरची ही योजना २०२२च्या अखेरीस जाहीर झाली होती. उशिराचं मोठं कारण सीटच वेळेवर मिळत नाहीत हे. जगभर विमानाच्या सीट बनवणारे मोजकेच आहेत, आणि बिझनेसची एक नवी सीट सुरक्षेच्या कसोट्यांतून पास व्हायलाच महिनोन्‌महिने जातात. विलीनीकरणाने ही रांग पुढे सरकत नाही. टाटांनी २०२३मध्ये ४७० विमानांची ऑर्डर दिली, २०२४मध्ये एअरबसला आणखी १००ची. ऑर्डर मोठी असली तरी विमानं कारखान्याच्या वेगानेच येतात.

आता मुद्द्याचं. सरकारी पाठबळ म्हणजे सरकार तोटा भरून देतं, अशी आपली समजूत. ते घडलंही आहे: २०२०मध्ये, करोनाच्या वर्षी, कतार सरकारने कतार एअरवेजमध्ये ७.३ अब्ज रियाल घातले, दुबईनेही एमिरेट्सला पैसे दिले. पण २०२४-२५मध्ये कतार एअरवेजने ७.८५ अब्ज रियाल नफा दाखवला. रोजच्या लढाईत त्यांना तिजोरी लागत नाही. पाठबळ वेगळ्या ठिकाणी आहे. दोह्याचं हमाद विमानतळ चालवणारी कंपनी कतार एअरवेज समूहातलीच आहे. विमान कोणत्या गेटला लागेल, तपासणीचे किती पट्टे चालू राहतील, नवी इमारत कधी उभी राहील, हे सगळं एकाच घरातले लोक ठरवतात. दिल्लीत विमानतळ खासगी जीएमआर समूहाचा, इमिग्रेशन गृहखात्याचं, तपासणी सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाची, सीमाशुल्क अर्थखात्याचं, आणि विमान टाटांचं. विस्तारा आली काय किंवा आणखी दोन कंपन्या आल्या काय, या पाच जणांचं एक होत नाही.

दुसरी गोष्ट कराची. परदेशी जाणाऱ्या विमानाच्या इंधनावर व्हॅट लागत नाही, देशांतर्गत विमानाच्या इंधनावर लागतो. महाराष्ट्राने २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडात तो २५ टक्क्यांवरून १८वर आणला, तरी १८ म्हणजे काही कमी नाही. आता हे नागपूरवर लावून पाहा. नागपूर-दोहा हा पूर्ण आंतरराष्ट्रीय टप्पा, इंधन करमुक्त. नागपूर-मुंबई-लंडनमधला पहिला टप्पा देशांतर्गत, त्यासाठी मुंबईत भरलेल्या इंधनावर कर. ज्या छोट्या टप्प्यावर एअर इंडियाने स्वस्त असायला हवं, तिथेच तिच्या गळ्यात लोढणं आहे. हे लोढणं मुंबई-दिल्लीकराला दिसत नाही. नागपूर, इंदूर, रायपूरच्या प्रवाशाला दिसतं.

तिसरी गोष्ट आकाशाची. थेट अमेरिका हे एअर इंडियाचं हुकमी पान होतं, कारण आखाती कंपन्या भारतीय प्रवाशाला वाटेत उतरवल्याशिवाय अमेरिकेला नेऊच शकत नाहीत. २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावं लागलं. दिल्ली-वॉशिंग्टन सप्टेंबर २०२५पासून बंदच करावं लागलं. कतार, एमिरेट्सला हा फटका नाही. नागपूरकरासाठी याचा अर्थ सरळ आहे: दिल्लीमार्गे अमेरिका घेताना एकूण तास बघा आणि 'थांबा' या शब्दावर बोट ठेवून बघा. कागदावर एक बदल दिसतो, प्रत्यक्षात दोनदा उतरावं लागू शकतं. त्यातच १२ जून २०२५ला अहमदाबादचा भीषण अपघात झाला, त्यानंतर मोठ्या विमानांची उड्डाणं काही काळ कमी केली गेली. वेळापत्रकावरचा विश्वास परत यायला वेळ लागतो.

मग आखातवाले नागपुरात गर्दी का करत नाहीत? कारण पुरेशी परवानगी नाही. दोन देशांच्या करारात आठवड्याच्या सीट आणि उतरायची शहरं ठरलेली असतात. दुबईसाठी सुमारे ६६ हजार सीट, अबुधाबीसाठी सुमारे ५० हजार. एमिरेट्सला भारतात नऊ शहरं आहेत, त्यांत नागपूर नाही. कोटा वाढवून द्या ही दुबईची मागणी जुनी आहे, आणि भारतीय कंपन्यांचा तिला विरोधही तेवढाच जुना. म्हणजे एअर इंडियाला आज जे संरक्षण आहे ते विलीनीकरणाचं नाही, या कुंपणाचं आहे. कोटा तुटपुंजा असला की परदेशी कंपनी आपल्या सीट मुंबई-दिल्लीला लावते, नागपूरला उरलंसुरलं. कुंपणाची किंमत आपण भरतो, राखण दिल्लीच्या हबची, म्हणजे जोडविमानांच्या केंद्राची, होते. हे कुणी उघडपणे बोलत नाही.

विलीनीकरणाचा आधीचा धडा तर नागपूरच्या अंगणातच उभा आहे. २००७मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. युक्तिवाद हाच होता: मोठं व्हा, परदेशी स्पर्धेला तोंड द्या. एकीने ६८ बोइंग मागवलेली, दुसरीने ४३ एअरबस, असा १११ विमानांचा बोजा एकाच पाठीवर आला. इंडियन एअरलाइन्सच्या उड्डाणांचा 'आयसी' कोड २०११पर्यंत चालू होता. कंपनी एक झाली तरी पगाराचे तक्ते, बढतीच्या याद्या आणि संघटना दोनच राहिल्या. २०१२मध्ये नवं ड्रीमलायनर, म्हणजे बोइंग ७८७, कोणाच्या वैमानिकांनी उडवायचं यावरून ५८ दिवस संप चालला. ही लढाई आखाताशी नव्हती, घरातलीच होती. आणि नेमक्या त्याच वर्षांत आखाती कंपन्यांनी भारतीय प्रवासी उचलून नेला.

त्या बोइंग खरेदीच्या वचनातून नागपूर विमानतळाला लागून असलेल्या मिहान प्रकल्पात विमान दुरुस्ती केंद्र उभं राहिलं. ड्रीमलायनर आत मावेल एवढे हँगर, धावपट्टीपर्यंत टॅक्सीवे. पण टाटांना एअर इंडिया विकताना अभियांत्रिकी कंपनी सरकारने स्वतःकडे ठेवली, त्यामुळे मिहानचं केंद्र टाटांकडे गेलं नाही, आणि टाटांचं नवं मोठं देखभाल केंद्र बंगळुरूला होतं आहे. विलीनीकरणाच्या जमाखर्चात नागपूरच्या नावावर काय जमा झालं, हे ज्याचं त्याने बघावं.

२०२४चं विलीनीकरण २००७पेक्षा खूप नीट झालं, हे मान्यच करायला हवं. उड्डाणांचे कोड एका रात्रीत बदलले. विस्ताराच्या उड्डाणांना सुरुवातीला दोनने सुरू होणारे चार आकडी क्रमांक दिले, त्यामुळे प्रवाशाला ओळखता येत होतं. तरी दुखणं तेच निघालं, फक्त सौम्य: मार्च-एप्रिल २०२४मध्ये नव्या वेतनरचनेत पगाराची हमी असलेले उड्डाणाचे तास ७०वरून ४० झाले म्हणून विस्ताराचे वैमानिक नाराज झाले आणि कंपनीला रोजची २५-३० उड्डाणं कमी करावी लागली.

गंमत अशी की सरकारी पाठबळाच्या परदेशी कंपनीशी लढायला निघालेल्या या नव्या एअर इंडियात २५.१ टक्के हिस्सा सिंगापूर एअरलाइन्सचा आहे, आणि तिच्यात अर्ध्याहून जास्त मालकी सिंगापूर सरकारच्या तेमासेक या गुंतवणूक कंपनीची. शत्रूही सरकारी, भागीदारही सरकारी. हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २००८ ते २०१३ दरम्यान डेल्टा-नॉर्थवेस्ट, युनायटेड-कॉन्टिनेंटल, अमेरिकन-यूएस एअरवेज अशी विलीनीकरणं झाली, घरचा धंदा नफ्यात आला. पण आखाताशी सामना पडताच २०१५मध्ये तिघी एकत्र सरकारकडे तक्रार घेऊन गेल्या. ब्रिटिश एअरवेज-इबेरियाच्या आयएजी समूहाने उलटी वाट धरली, आज त्याचा सर्वांत मोठा भागधारक कतार एअरवेज आहे. आपल्या जेट एअरवेजने अबुधाबीच्या एतिहादला २४ टक्के हिस्सा दिला आणि एप्रिल २०१९मध्ये गाशा गुंडाळला, म्हणजे भागीदारी हाही हमखास इलाज नाही. आणि कुणालाही पोटात न घेता देशांतर्गत बाजाराचा सहा दशांशांहून मोठा वाटा मिळवणारी इंडिगो आता स्वतःची ए३५० मागवून बसली आहे. नागपूरहून तिची विमानं एअर इंडियापेक्षा कितीतरी जास्त आहेत. उद्या तिने मुंबईच्या लांब पल्ल्याच्या वेळेला नागपूरचं विमान नीट जोडलं तर दोह्याला खरी टक्कर तिथून मिळेल.

तर घ्यायचं काय? एकटा जाणारा विद्यार्थी, थेट विमानाचा वार जुळत असेल तर दोहा. सत्तरी ओलांडलेले आई-बाबा मुलाकडे निघाले असतील आणि इंग्रजीचं दडपण असेल तर दिल्ली, एकाच तिकिटावर, व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच नोंदवून, कारण टर्मिनल ३ मधलं चालणं तरण्यालाही दमवतं. दुबई-शारजाला कामावर जाणाऱ्याला यातलं काहीच नको, एअर अरेबियाचं थेट विमान असेल तर तेच. सामान आणि जेवणाचे पैसे मात्र त्यात वेगळे धरा.

विमान चुकलं तर हक्क दोन्हीकडे वेगळे. भारतात डीजीसीए या विमानवाहतूक नियामकाच्या नियमाने उड्डाण वेळेत न कळवता रद्द झालं किंवा त्याच तिकिटावरची पुढची जोडणी चुकली, तर नागपूर-दिल्लीसारख्या एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. धुकं असेल तर पैसे नाहीत, पर्यायी विमान किंवा परतावा. परत येताना लंडनहून निघालात तर ब्रिटनचा नियम लागतो, कंपनी कुठलीही असो: एकाच तिकिटावर नागपूरला चार तासांहून जास्त उशिरा पोहोचलात आणि दोष कंपनीचा असेल तर माणशी ५२० पौंड. बोर्डिंग पास फेकू नका.

आणि परतीचा फरक जाण्यापेक्षा मोठा आहे. दिल्लीमार्गे आलात तर इमिग्रेशननंतर बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, सीमाशुल्कातून काढायच्या आणि पुढच्या काउंटरवर पुन्हा सोपवायच्या, टॅग नागपूरचा असला तरी. ड्यूटी-फ्रीची बाटली घेतली असेल तर याच वेळी मोठ्या बॅगेत टाका. चौदा तासांच्या प्रवासानंतर, पहाटे, दोन जड बॅगा ढकलत हे करायचं असतं. दोहामार्गे आलात तर सीमाशुल्क सोनेगावातच, छोट्याशा दालनात, एका पट्ट्यावर. बाहेर अंधार असतो, मेट्रो सुरू व्हायला वेळ असतो, पण बाहेर आलात की गाडीत बसायचं आणि वर्धा रोडला लागायचं.